वाकलेल्या अंगाचं नृत्य

बुतोला मी बरीच वर्षं नृत्य मानत नव्हते. हे मत मी मनात ठेवलं होतं असंही नाही. पुण्यात माझ्या कथकच्या वर्गातल्या मुली विचारायच्या, "ताई, ते जपानी लोक अंगाला पांढरं फासून वेडेवाकडे होतात, ते काय असतं?" मी सांगायचे, ते नाट्य असेल, निषेध असेल, पण नृत्य नाही. एका परिसंवादात हेच जरा जड शब्दांत मांडलं, तेव्हा समोरच्या माना डोलल्या. ते विधान मी आता मागे घेते आहे. का, हे नीट सांगायला हवं, कारण शास्त्रीय नृत्य शिकलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकजणींचं मत आजही तेच आहे आणि त्या मतामागची कारणं हलकी नाहीत.

आम्ही काय शिकलो? पाठ ताठ, मान मोकळी, नजर हाताच्या मागोमाग. तत्काराचा प्रत्येक आघात वेगळा ऐकू आला पाहिजे. तिहाई सुरू झाली, की समोर बसलेल्यालाही सम कुठे येणार याचा अंदाज लागतो, आणि तबलजी, नर्तकी आणि प्रेक्षक एकाच क्षणी तिथे पोचतात. त्या क्षणावर माझा जीव आहे. कथकमधली देवघेव त्या क्षणात आहे. बुतोच्या ज्या चित्रफिती मी पाहिल्या, त्यांत ही देवघेव कुठेच दिसेना. लय नाही, सम नाही, नजर कुणावर ठरत नाही. तोंड वासलेलं, पाय फेंगडे, बोटं आखडलेली. बीभत्स हा आपल्याकडेही रस आहेच; पण तो दाखवताना नटाने आपलं अंग ताब्यात ठेवायचं असतं. इथे तर ताबा सोडण्यालाच कला म्हटलं जातंय असं मला वाटायचं.

वाचलेला इतिहासही या मताला बळ देणाराच होता. २४ मे १९५९ रोजी टोकियोत नवोदित नर्तकांच्या एका कार्यक्रमात तात्सुमी हिजिकाता यांनी 'किंजिकी' नावाची छोटीशी रचना सादर केली. नाव युकिओ मिशिमांच्या कादंबरीचं. रंगमंचावर बहुतेक वेळ अंधार, एक पुरुष, एक कोवळा तरुण, आणि त्या तरुणाच्या मांड्यांमध्ये दाबलेली जिवंत कोंबडी. प्रेक्षक खवळले, आणि थोड्याच काळात हिजिकाता हा कार्यक्रम भरवणाऱ्या नृत्यसंघटनेतून बाहेर पडले. बुतोची सुरुवात इथून धरतात. पुढे १९७५ मध्ये उशिओ आमागात्सु यांनी 'सांकाई जुकु' हा संच काढला आणि बुतो जगभर पोचलं. याच संचाचा एक नर्तक सप्टेंबर १९८५ मध्ये सिॲटलला भर रस्त्यात, इमारतीवरून दोराला उलटं लटकून सादरीकरण करताना दोर तुटून मृत्युमुखी पडला. हे वाचलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, अंगाशी असा खेळ करणाऱ्यांना अंगाची कदर तरी असेल का?

शिवाय एक सोपं स्पष्टीकरण तयारच होतं. हिरोशिमा. जळालेली कातडी, राखेचा रंग, ओरडणारी पण आवाज नसलेली तोंडं. अणुबॉम्बनंतरचा जपान असा नाचला, हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचायला मिळतं, की ते तपासावंसं वाटत नाही. मीही तेच म्हणत होते, आणि त्यात एक सोय होती. एवढ्या मोठ्या दुःखापुढे मान खाली घालायची आणि नृत्य म्हणून त्याचा विचार करायचा नाही. सहानुभूती दाखवून विषय संपवायचा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही योकोहामाला राहायला गेलो, आणि तिथे वस्तीच्या सार्वजनिक सभागृहात मी भारतीय कुटुंबांतल्या मुलींना कथक शिकवायला लागले. शेजारच्या खोलीत त्याच वेळी आणखी एक वर्ग चालायचा. तिथून कसलाही आवाज येत नसे. तो वर्ग घेणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. कामिहोशिकावाच्या टेकडीवर बुतो नर्तक काझुओ ओनो यांचा स्टुडिओ आहे, तिथे त्या कित्येक वर्षं शिकायला गेल्या होत्या. एकदा त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि घुंगरू हातात घेऊन बघू का, असं विचारलं. हातात घेतले, वजन जोखलं, मग खाली बसून माझ्या विद्यार्थिनींचे पाय बघत राहिल्या. शेवटी वाकून नमस्कार करून म्हणाल्या, आता तुम्ही आमच्याकडे या. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी गेले ती शिष्टाचार म्हणून.

त्या वर्गात पांढरा रंग नव्हता. किंचाळणं नव्हतं, आरसेही नव्हते. होतं ते चालणं. गुडघे किंचित सैल, कंबर जमिनीकडे उतरलेली, पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. नो नाटकातल्या चालीशी याचं नातं आहे हे जपानमध्ये कुणालाही सांगावं लागत नाही. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचं. एवढंच. आणि चालता चालता सेन्सेई, म्हणजे त्या बाई, एकेक गोष्ट सांगत जायच्या. डोक्यावर पाण्याने भरलेलं भांडं आहे. तळपायाखाली पात्याची धार आहे. डोळ्यांच्या जागी काच आहे, त्यातून बघायचं नाही. बघायला कपाळावर एक डोळा आहे. सांध्यासांध्यातून कोळ्याचे तंतू वर गेलेत. या सूचना त्यांच्या मनच्या नव्हत्या, हिजिकातांनी आपल्या शिष्यांना दिलेल्या चालीतल्या होत्या. एकेक ऐकायला सोपी. सगळ्या एकदम अंगात धरायच्या म्हटल्यावर मला दोन पावलंही धड टाकता येईनात. पाण्याकडे लक्ष द्यावं तर पात्याची धार विसरायची, धार सांभाळावी तर डोळे परत जिवंत होऊन कुणाकडे तरी बघायला लागायचे.

माझे पाय लहानपणापासून ताब्यात होते, निदान माझा तसा समज होता. त्या खोलीत लक्षात आलं, की पाऊल पडण्याचा क्षण मला चांगला ठाऊक आहे, पण पाऊल जमिनीपासून सुटण्याचा क्षण मी कधी अनुभवलेलाच नाही. टाच सुटते, मग तळव्याची बाहेरची कड, मग चवडा, आणि अंगठा सगळ्यात शेवटी जमीन सोडतो. तोवर सगळं वजन दुसऱ्या पायावर गेलेलं असतं, आणि ते नेमकं कधी गेलं हे पकडता येत नाही. ते पकडायचं, हाच अभ्यास. ज्याला मी ताबा सोडणं समजत होते, तिथे ताब्याचं माप माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी बारीक होतं.

वर्गाच्या सुरुवातीला अंग सैल करण्याचे काही प्रकार असत. ते मिचिझो नोगुची यांच्या पद्धतीतले. नोगुची (१९१४–१९९८) टोकियोच्या कला विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवत आणि त्यांचा प्रभाव बुतोच्या अनेक संचांवर आहे. त्यांचं म्हणणं असं, की शरीर म्हणजे हाडांच्या सांगाड्यावर चढवलेले स्नायू, हे चित्र सोडून द्या. कातडीची एक पिशवी आहे, आत पाणी आहे, आणि त्या पाण्यात हाडं, आतडी, मेंदू सगळं तरंगतंय. मग हालचाल म्हणजे स्नायूंनी ओढणं राहत नाही. वजन जमिनीला द्यायचं आणि त्यातून जी लाट उठेल तिला वाट द्यायची.

सेन्सेईंनी मला उताणं झोपवलं आणि माझे घोटे धरून हलकेच हिसके द्यायला सुरुवात केली. बाकीच्यांच्या अंगातून ती लाट पायापासून निघून गुडघा, कंबर, छाती करत थेट हनुवटीपर्यंत जाताना दिसायची, डोकं आपोआप हो म्हटल्यासारखं हलायचं. माझी लाट कंबरेपाशी थांबायची. पाठीचा खालचा भाग फळीसारखा. मी सैल सोडलंय असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. सेन्सेईंनी त्या जागेखाली आपला तळहात सरकवला आणि विचारलं, "इथे कोण आहे?" प्रश्न त्यांनी अगदी साधेपणाने विचारला होता. उत्तर मला माहीत होतं. तिथे माझ्या गुरू होत्या, त्यांच्या गुरू होत्या, 'पाठ ताठ' ही माझ्या कानावर पडलेली नृत्यातली पहिली आज्ञा होती. झोपेतही मी ती पाळत होते. मला त्या आज्ञेची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. तिनेच मला उभं केलं. पण ती माझ्या अंगात आहे हे मला कळलेलं नव्हतं, आणि जे अंगात आहे ते नर्तकीला कळू नये ही साधी गोष्ट नाही.

यानंतर मी शिष्टाचार सोडून मनापासून जायला लागले.

बुतोत काही ठरलेलं नसतं, जे येईल ते करायचं, असं मी मानत होते. हिजिकातांच्या वह्या त्याच्या नेमक्या उलट आहेत. त्यांच्या कामाची कागदपत्रं टोकियोच्या केइओ विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कात्रणवह्यांत फ्रान्सिस बेकन, हान्स बेल्मर, गोया, टर्नर यांच्या चित्रांचे छापील तुकडे चिकटवलेले, आणि शेजारी हालचालींसाठी शब्द. त्यांच्या शेवटच्या काळातल्या रचना, विशेषतः योको आशिकावा या नर्तकीसाठी बांधलेल्या, अशा शेकडो शब्दचित्रांतून रचलेल्या आहेत. कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येणार, हे बांधलेलं असतं. युकिओ वागुरी या त्यांच्या शिष्याने १९९८ मध्ये ही शब्दचित्रं एका सीडीरॉमवर व्यवस्थित लावून ठेवली.

हे कळल्यावर कथकवाली म्हणून मी चमकले. आमच्याकडे पढंत आहे. बोल आधी तोंडात येतो, मग पायात. कवित्तात तर शब्दांना अर्थही असतो आणि अंग त्या अर्थाच्या मागोमाग जातं. म्हणजे शब्दाने नाचवणं ही गोष्ट मला परकी नव्हतीच. फरक कुठे पडतो, ते मला किड्यांच्या अभ्यासात समजलं.

हा अभ्यास बुतो शिकणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. उभं राहायचं. उजव्या हातावर एक किडा चालतोय. मग मानेवरून दुसरा खाली उतरतो. मांडीच्या आतल्या बाजूने एक वर चढतो. मग खांद्यावर, छातीवर, मग मोजता येणार नाहीत इतके, रोमारोमातून आत, आतड्यांत, आणि शेवटी बाहेरच्या हवेतही. मी काय केलं? किडा 'दाखवला'. हात झटकला, भुवया आक्रसल्या, मान चोरली. गतभावात भुंगा मुखाभोवती फिरताना नायिका करते तसंच, आणि चांगलं केलं. सेन्सेईंनी थांबवलं. म्हणाल्या, "किडा मला दिसला. तुम्हाला लागला का?"

नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव मला परीक्षेसाठी पाठ होते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. ते मागवून येत नाहीत, आतून यावे लागतात, हेही पाठ होतं. कसे यावेत, हा प्रश्न मी विचारला नव्हता आणि कुणी शिकवलाही नव्हता. थोर अभिनय करणाऱ्यांना ते येतात, बाकीच्यांनी डोळ्यांची उघडझाप करावी, अशी तडजोड आम्ही सगळ्यांनी स्वीकारलेली असते. किड्यांच्या अभ्यासात एका संध्याकाळी माझ्या डाव्या दंडावर खरोखर काटा आला. मी काहीच करत नव्हते. एकाच जागेकडे लक्ष लागलेलं होतं, पाय किती इंच हलला याचं भान नव्हतं, आणि कातडीने आपणहून उत्तर दिलं. तिथून मान वळली. ती मी वळवली नव्हती. तिचा वेग, तिचा कोन असा होता, की मी कधी निवडला नसता. मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं, की हे नृत्य आहे आणि ते रोमांच या शब्दाच्या मूळ अर्थापासून सुरू होतं. भरताने ज्याला सात्त्विक म्हटलं, तिथपर्यंत जाण्याची एक पायवाट हिजिकातांनी आपल्या मार्गाने शोधली होती.

आता आकिताबद्दल लिहायला हवं, कारण माझं मत खऱ्या अर्थाने तिथे फिरलं.

हिजिकाता १९२८ मध्ये जपानच्या ईशान्येकडच्या आकिता प्रांतात जन्मले. बर्फाचा, वाऱ्याचा, भातशेतीचा मुलूख. ते सांगायचे, की शेतात राबायला जाताना आईबाप तान्ह्या मुलांना 'इझुमे' नावाच्या भाताच्या पेंढ्याच्या टोपलीत कंबरेपर्यंत घट्ट बसवून, बांधून ठेवत. दिवसभर मूल तिथेच. संध्याकाळी बाहेर काढलं, की पाय सरळ होत नसत. शहरात येऊन पाश्चात्त्य नृत्य शिकलेल्या या माणसाच्या लक्षात आलं, की बॅलेला हवे तसे लांब, सरळ, वर जाणारे पाय आपले नाहीत. आपले पाय चिखलात रुतणारे, गुडघ्यात वाकलेले. त्या पायांना सुधारण्यापेक्षा त्यांच्यातूनच नृत्य काढायचं त्यांनी ठरवलं. १९६०च्या दशकात छायाचित्रकार एइको होसोए यांना घेऊन ते आकिताच्या खेड्यांत गेले. १९६९ मध्ये आलेल्या 'कामाइताची' या पुस्तकात भाताच्या खाचरांतून धावणारे, गावकऱ्यांमध्ये बसलेले हिजिकाता दिसतात. १९७२ मधल्या 'होसोतान' या रचनेत ते जवळजवळ जमिनीलाच खिळून आहेत, देवीच्या रोगाने गांजलेलं अंग, उठता न येणारं.

ती छायाचित्रं मी बघत होते आणि मला माझी आजी आठवली. गुहागर तालुक्यातली. कंबरेत पार वाकलेली, पाय धनुष्यासारखे बाहेरून वळलेले. आयुष्यभर आवणात वाकून तरवा लावला, पाठीवर इरलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मे महिन्याच्या सुट्टीत मी पुण्याहून जायचे, ओटीवर रियाज करायचे, आणि ती खांबाला टेकून बघायची. एकदा मी तिला म्हटलं होतं, "आजी, जरा ताठ चाल की गो." ती नुसती हसली. नृत्याची सगळी व्याख्याच माझ्या डोक्यात अशी होती, की आजीचं अंग तिच्या बाहेर पडत होतं. आजी चिखलात पाऊल टाकताना आधी तळव्याने जमीन चाचपायची, मग वजन द्यायची, मग मागचा पाय अलगद सोडवून घ्यायची, रोपाला धक्का न लावता. योकोहामाच्या त्या खोलीत मला जे जमत नव्हतं, ते ती रोज करत होती, पावसात, दिवसभर.

मी आजीला बुतो नर्तकी म्हणत नाही. तिचं वाकणं हे कष्टाचं वाकणं होतं, त्यात कुणी सौंदर्य शोधलं असतं तर तिला राग आला असता. पण ज्या अंगाला आमच्या रंगमंचावर जागा नव्हती, त्या अंगात केवढं ज्ञान होतं हे मला आकिताच्या या नर्तकाने दाखवलं. हिरोशिमाचं स्पष्टीकरण माझ्यापुरतं तेव्हाच गळून पडलं. युद्ध आणि पराभव बुतो घडवणाऱ्या माणसांच्या मागे होतेच, अमेरिकेबरोबरच्या करारावरून १९६० मध्ये टोकियोचे रस्ते पेटले होते, तेही त्यात आहे. पण १९५९च्या त्या पहिल्या रचनेचा विषय अणुबॉम्ब नव्हता, आणि हिजिकाता ज्या अंगाबद्दल बोलत राहिले ते आकिताच्या खाचरातलं होतं.

युद्ध थेट पाहिलं होतं ते काझुओ ओनो यांनी. जन्म १९०६, होक्काइदोमधल्या हाकोदातेचा. १९२९ मध्ये विद्यार्थी असताना टोकियोच्या इंपीरियल थिएटरात वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागेवर बसून त्यांनी 'ला आर्हेंतिना' म्हणून गाजलेल्या स्पॅनिश नर्तकी आंतोनिया मेर्से यांचा कार्यक्रम पाहिला आणि ते हलले. पुढे योकोहामाच्या एका ख्रिस्ती मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षक झाले. मग सैन्यात नऊ वर्षं, चीन आणि न्यू गिनी. परतताना जहाजावर मेलेल्या सोबत्यांना समुद्राच्या पाण्यात सोडलं गेलं, आणि त्या पाण्यातले जेलीफिश पुढे त्यांनी नाचात आणले. स्वतःचा पहिला कार्यक्रम केला १९४९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. आपल्याकडे या वयात नर्तकीला लोक विचारतात, आता फक्त शिकवता का?

'ला आर्हेंतिनाच्या स्मरणार्थ' ही त्यांची रचना १९७७ची, दिग्दर्शन हिजिकातांचं. एका चित्रासमोर उभं असताना त्यांना ती नर्तकी पुन्हा दिसली, आणि जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचा तो कार्यक्रम आतून वर आला. तेव्हा ओनो ७१ वर्षांचे. सुरुवातीला ते प्रेक्षकांतच बसलेले असतात, टोपी आणि झगा घातलेली एक थकलेली स्त्री होऊन, आणि तिथून उठून रंगमंचाकडे जातात. मी त्याचं चित्रीकरण पाहिलं. व्यायामशिक्षकाचे ते जाड पेरांचे हात, त्यावर सुरकुतलेली कातडी, आणि बोटं उघडताना करंगळी जराशी मागे राहते. त्या करंगळीकडे मी बघत राहिले. तिला उशीर होतो आणि तो उशीर खरा आहे. माझ्या कुठल्याही हस्तकात इतकं वय, इतकी माया एकदम आलेली मला आठवत नाही. ओनो नव्वदी ओलांडूनही नाचत राहिले. उभं राहता येईना तेव्हा खुर्चीत बसून, नुसत्या हातांनी. १ जून २०१० रोजी गेले तेव्हा ते १०३ वर्षांचे होते. पाय थकल्यावर नृत्य संपतं, ही धास्ती मनात बाळगणाऱ्या प्रत्येक कथकवालीने ते हात बघावेत असं मला कळकळीने वाटतं.

तरी सगळंच पटलं असं मी म्हणणार नाही. १९५९च्या रचनेतली कोंबडी मला आजही मान्य नाही. तिचं शेवटी काय झालं यावर पाहणाऱ्यांच्या आठवणी जुळत नाहीत, पण ज्या जिवाला विचारता येत नाही त्याला आपल्या कलेसाठी वापरू नये. अंगाला उपाशी ठेवणं, धोक्यात घालणं, यालाच खोली समजणारी एक धारा बुतोत आहे; तिच्यापासून मी लांब राहते. आणि पांढरा रंग. तो पहिल्याच दिवशी फासणारे, तोंड वासून डोळे वर फिरवणारे कितीतरी तरुण मी पाहिले. त्यांनी हिजिकातांच्या शेवटच्या पानाची नक्कल केलेली असते, आधीची वही कोरी. बुतो करा आणि मनाच्या जखमा भरून काढा, अशा जाहिराती हल्ली दिसतात. सेन्सेईंच्या वर्गात मी रडले आहे, पण तो वर्ग रडण्यासाठी नव्हता. रडू आलं तर त्या म्हणायच्या, चालत राहा, पाण्याचं भांडं सांडू देऊ नका.

कथक मी सोडलेलं नाही, दोन्हींची सरमिसळही केलेली नाही. मंचावर मी आजही घुंगरू बांधते आणि समेवर येते. बदल झाला तो ठाटात. पूर्वी ठाट म्हणजे माझ्या दृष्टीने एक सुंदर उभं राहणं होतं, त्यानंतर खरा नाच सुरू व्हायचा. आता विलंबित लयीत उभी राहते तेव्हा वजन कुठल्या तळव्यात आहे, ते कधी सरकतंय, हे ऐकत असते. मनगट त्यानंतर हलतं. एका जुन्या तबलजींनी मला एवढंच विचारलं, की तुम्ही आजकाल उशिरा का हलता, बरं वाटतं. वर्गातही मी मुलींना 'पाठ ताठ' सांगते, पण आधी जमिनीवर उताणं झोपवून त्यांचे घोटे हलवते आणि लाट कुठे थांबते ते त्यांनाच शोधायला लावते. एका मुलीची खांद्यापाशी थांबली. ती म्हणाली, ताई, मी दप्तर अजून उतरवलेलंच नाही.

परत आल्यापासून लोक मला विचारतात, की बुतो शिकायचंय, कार्यशाळेला जाऊ का? जरूर जा. मात्र नाव नोंदवण्याआधी शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारा, की चालण्यासाठी किती वेळ देणार. पहिला सगळा दिवस चालण्यातच जाणार असेल तर पैसे भरा. येताना पांढरा रंग घेऊन या असं सांगितलं, तर घरी बसून ओनोंच्या १९७७च्या रचनेचं चित्रीकरण बघा, हात जवळून दिसतील एवढं.